डायरेक्ट करून द्या

"भाऊ, मशीन फिरस, पन तपत नही."

आप्पांचा फोन आला तेव्हा श्रावणातली झड लागून चौथा दिवस होता. तापी दोन्ही थड्या भरून वाहत होती, गोमाईचं गढूळ पाणी संगमापाशी तिच्यात शिरत होतं आणि केदारेश्वराच्या रांगेतले भाविक अंगावरच्या ओल्या कपड्यांनीच उभे होते. आमच्या प्रकाशा गावात वैशाखात चादर दोरीवर टाकावी आणि चहा पिऊन यावं, तेवढ्यात ती कडक वाळलेली असते. पण आषाढ-श्रावणात तीच चादर दोन दिवस दोरीवर राहते आणि उतरवताना तिला कुबट वास येतो. घरच्या चादरीचं एक वेळ चालून जातं, दवाखान्याच्या चादरीचं चालत नाही.

आप्पांची लाँड्री अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याला लागून आहे. त्यांच्या वडिलांनी नदीवर कपडे धुतले, आप्पांनी कोळशाची इस्त्री फिरवली. आता त्यांची सून, म्हणजे आमच्या वहिनी, शहाद्याच्या दवाखान्यांच्या आणि इथल्या लॉजच्या चादरी मशीनवर धुऊन देतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी सुरतेहून एक जुना ड्रायर आणला. पंधरा किलोचा ड्रम, थ्री फेज, आत दोन-दोन किलोवॅटच्या तीन कॉइल. मी बसस्टँडजवळ बावीस वर्षं मोटार रिवाइंडिंग आणि घरगुती वस्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. पाणबुडी मोटारी, मिक्सर, गिझर, कूलर, इस्त्र्या यांत माझा हात बसलेला आहे. गावात कपड्यांचा ड्रायर हा एवढाच, त्यामुळे त्याचं सगळं शिक्षण मला त्याच्याचकडून मिळालं.

मी पोचलो तेव्हा वहिनी ओल्या चादरींच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. दवाखान्याचा माणूस सकाळी दोनदा येऊन गेला होता. आप्पांनी चहा पुढे केला आणि लगेच म्हणाले, "करी दे ना डायरेक्ट. चार दिवस चालू दे, मंग पाहू."

हा शब्द मी या धंद्यात रोज ऐकतो. शेतकरी म्हणतो, प्रिव्हेंटर सारखा ट्रिप होतो, डायरेक्ट करून द्या. घरमालक म्हणतो, गिझर मध्येच बंद होतो, डायरेक्ट करून द्या. डायरेक्ट म्हणजे वाटेत जो पहारेकरी बसवलेला आहे, त्याच्या दोन तारा एकत्र पिळायच्या, वर टेप गुंडाळायचा आणि वीज सरळ सोडायची. दोन मिनिटांचं काम असतं. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक खूश होतं, मिस्त्री हुशार ठरतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर असा डायरेक्ट केलेल्या किती मोटारी मी पुढे जळलेल्या उघडल्या आहेत, त्याची मोजदाद नाही. एक फेज जातो, मोटार दोन फेजवर घुमत राहते आणि पंधरा मिनिटांत वाइंडिंग काळं पडतं. त्या मोटारीच्या पैशात वीस प्रिव्हेंटर आले असते.

मी आप्पांना एवढंच म्हणालो, "आधी पाहू तर द्या."

पहिलं काम मेन बंद करून तिन्ही फ्यूज काढायचं आणि ते स्वतःच्या खिशात ठेवायचं. फ्यूज बोर्डावर ठेवून कामाला हात घालू नये, कुणीतरी चांगल्या मनाने येऊन तो परत बसवतं. ही सवय मला माझ्या उस्तादांनी लावली आणि मी ती माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाला लावतो. हा मुलगा धडगावकडचा, आयटीआय करून माझ्याकडे आलेला. बोलतो कमी, पण बघतो फार बारीक.

ड्रम फिरत होता, पंख्याची हवा येत होती, म्हणजे तिन्ही फेज होते आणि मोटार ठीक होती. नुसती उष्णता नव्हती. अशा वेळी सगळ्यांचा पहिला संशय कॉइलवर जातो, म्हणून मीही आधी कॉइल मोजल्या. दोन किलोवॅटची कॉइल २३० व्होल्टवर चालते तेव्हा तिचा रोध २६ ओहमच्या आसपास यायला हवा. तिन्हींचा तेवढाच आला. बॉडीला कुठे लागत नव्हत्या. मग उरला कॉन्टॅक्टर. कॉइलला वीज देणारा हा मोठा चुंबकी स्विच ओढतच नव्हता, कारण त्याच्या स्वतःच्या कॉइलला वीज पोचत नव्हती.

त्या विजेच्या वाटेवर एका माळेत चार जण बसलेले असतात. दाराचा स्विच, टायमर आणि दोन थर्मोस्टॅट. चौघांपैकी एकाने हात सोडला की माळ तुटते. मी मीटर बीपवर ठेवून एकेकाला विचारत गेलो. दार वाजलं, टायमर वाजला. हवा बाहेर जाण्याच्या वाटेवरचा, ७० अंशांचा थर्मोस्टॅट वाजला. हीटरच्या पेटीवरचा, १२० अंशांचा थर्मोस्टॅट गप्प राहिला. मशीन तर सकाळपासून थंड पडलेलं. थंडपणी त्याने वाजायला हवं होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने त्याला हलकेच ठोकलं, क्षणभर बीप आली आणि विझली. आतले पॉइंट गेले होते.

हे दोन थर्मोस्टॅट दिसायला जुळे असले तरी त्यांचं काम अगदी वेगळं असतं. ७० वाला रोजचा नोकर. चादरींतून निघालेली हवा ७० अंशांवर गेली की तो हीटर बंद करतो, हवा थोडी निवली की चालू करतो, दिवसभर त्याचं हेच चालतं. १२० वाला राखणदार. सगळं नीट असेल तर त्याला महिनोन् महिने काही काम नसतं. हीटरची पेटी भलतीच तापली, तरच त्याने वीज तोडायची. तो तिथे आहे म्हणून चादरी जळत नाहीत.

आत असतं ते साधंच. नाण्यासारखी गोल, जरा फुगवटा दिलेली पातळ चकती. ती दोन धातू एकमेकांवर पक्के बसवून केलेली असते. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, ओढाताण होते आणि ठरलेल्या तापमानाला चकती 'टक्' करून उलटी फुगते. चकतीवर चिनीमातीची एक काडी टेकलेली असते, ती वरचा पॉइंट उचलते आणि वीज तुटते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन नावाच्या इंग्लिश सुताराने जहाजावरच्या घड्याळासाठी पितळ आणि पोलाद जोडून अशी पट्टी बनवली होती, उन्हा-थंडीत घड्याळाची चाल बिघडू नये म्हणून. आपल्या इस्त्रीतही तीच पट्टी असते. मी त्या मुलाला हे सांगताना हॅरिसनच्या आधी आमच्या लोहाराची गोष्ट सांगतो. लहानपणी मी बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना पाहिलेलं आहे. गोवऱ्यांच्या जाळात लोखंडाची धाव लाल करायची, तेवढ्यापुरती ती वाढते, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठतो, धाव आवळते आणि चाकाचे सांधे करकरून घट्ट होतात. धातू तापला की वाढतो हे ज्याने असं पाहिलं, त्याला थर्मोस्टॅट वेगळा शिकवावा लागत नाही. आणि धातूची ओळख या गावाला आजची नाही. १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी आमच्या गावच्या टेकाडावर उत्खनन केलं. तळाच्या थरात दगडी पाती आणि तांबं निघालं, लोखंड आलं ते त्याच्या वरच्या थरात. त्या टेकाडाजवळून जाताना मला ते नेहमी आठवतं.

तर राखणदार मेला होता. आप्पा परत म्हणाले, "मंग त्याले काढी टाक. बाकीना चांगला शेतस ना?"

तेव्हा मी त्यांना इस्त्रीची गोष्ट सांगितली. ती मी सहसा सांगत नाही. दुकान टाकून मला दोन वर्षं झाली होती. एक जण संध्याकाळी इस्त्री घेऊन आला, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी हळद होती. थर्मोस्टॅट गेलेला, माझ्याकडे तो नव्हता. मी डायरेक्ट करून दिली आणि वरून बजावलं, गरम झाली की पिन काढत जा. लग्नाच्या घरात ते कुणाच्या ध्यानात राहणार? रात्री कुणीतरी इस्त्री गादीवर उभी ठेवून जेवायला गेलं. ती आडवी पडली. गादी आतल्या आत पेटत गेली आणि धूर दिसेपर्यंत अर्धी जळली होती. त्याच खोलीत एक लहान मूल झोपलेलं होतं. त्याला काही झालं नाही. त्या घरच्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, उलट आमच्याच हलगर्जीने झालं म्हणाले. पण ती इस्त्री मी केली होती. त्या दिवसापासून मी कुणाचंही काही डायरेक्ट केलेलं नाही. त्यापायी गिऱ्हाइकं गेली, ती जाऊ दिली.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि वहिनींना म्हणाले, "चादरी घरात टाक, पंखा लाव." माजघरात, ओसरीवर, जिन्याच्या कठड्यावर दोऱ्या बांधल्या गेल्या. शेजारच्यांनीही आपले पंखे आणून दिले.

थर्मोस्टॅट शहाद्यात मिळाला नाही, म्हणून नंदुरबारला गेलो. दुकानदाराने काउंटरवर तोच तुकडा ठेवला. तोच ॲल्युमिनियमचा टोप, तेच दोन पाय, वर १२० छापलेलं. मी पैसे दिले आणि पावसात परत आलो. दुकानात बसून मीटर लावला तर बीप नाही. नवा कोरा आणि मेलेला? घरातली छोटी कढई आणली, तेल तापत ठेवलं, मीटरची तापमानाची तार तेलात सोडली आणि थर्मोस्टॅट पकडीत धरून त्याचा तळ फक्त तेलाला टेकवला. पाण्यात हे जमत नाही, पाणी शंभराच्या पुढे जात नाही. घरी कुणी हे करून पाहू नये. तापत्या तेलाशी सवयीचा हात लागतो. ११०, ११५... १२० च्या जरा आधी 'टक्' झालं आणि मीटर बोलायला लागला. म्हणजे तुकडा जिवंत होता, पण उलट्या जातीचा. थंडपणी तुटलेला आणि तापल्यावर जोडणारा. पंखे चालू करायला असा वापरतात. दिसण्यात तिळाएवढाही फरक नाही, फरक असतो तो नंबरामागच्या एका बारीक अक्षरात. काउंटरवरच बीप लावून पाहिली असती तर एक दिवस वाचला असता. तो दिवस आप्पांचा गेला आणि चूक माझी होती, म्हणून दुसऱ्या फेरीचं भाडं मी बिलात धरलं नाही. तुम्ही कुठलाही थर्मोस्टॅट घ्यायला जाल तेव्हा जुना तुकडा खिशात न्या आणि नव्याची बीप दुकानातच ऐका.

दुसऱ्या दिवशी बरोबर तुकडा बसला. तेलात तपासला होता, ११८ ला तुटला आणि निवल्यावर आपोआप जोडला गेला. त्याचा तळ पेटीच्या पत्र्याला सपाट चिकटून बसला की नाही ते पाहिलं, कारण मध्ये केसभर फट राहिली तरी त्याला खरं तापमान कळत नाही. तारांची टोकं काळी पडली होती, ती कापून नवे लग लावले. खिशातले फ्यूज बसवले. कॉन्टॅक्टरने ठोका दिला, काचेवर हात ठेवला तर ऊब यायला लागली. वहिनींनी पहिला घाणा आत टाकला. आप्पांनी पाकिटाला हात घातला.

मी म्हणालो, थांबा. नवा तुकडा बसवला की अर्धा तास तिथेच बसायचं, हा माझा नेम आहे. सहाव्या मिनिटाला 'टक्' ऐकू आलं आणि हीटर बंद झाला. मला वाटलं ७० वाला असेल. मुलगा म्हणाला, "दादा, आवाज पेटीकडून आला." मीटर लावला. खरंच, ७० वाला जोडलेलाच होता. चादरींची हवा अजून पन्नाससुद्धा झाली नव्हती आणि राखणदाराने वीज तोडली होती. थोड्या वेळाने जोडली, चार मिनिटांत परत तोडली.

तो बरोबर होता. त्याच्या पेटीत खरोखरच १२० अंश झाले होते. हीटर तापत होता आणि ती उष्णता वाहून न्यायला पुरेशी हवाच नव्हती.

मुलाने कोपऱ्यातलं वर्तमानपत्र उचललं, पान फाडलं आणि पावसात मागच्या भिंतीकडे गेला. ड्रायरची हवा बाहेर टाकणारा पाइप तिथे उघडतो. त्याने कागद तोंडाशी धरला. कागद फडफडायला हवा होता, तो नुसता लटकत राहिला. आम्ही पाइप सोडवला. आठ मीटरचा लवचिक पाइप, दोन ठिकाणी काटकोनात वळलेला. वळणांत कापडाची राखाडी लव दाबून बसलेली, गोधडीसारखे थर निघाले. पण खरी गोष्ट शेवटच्या तोंडाशी होती. तिथे मच्छरदाणीची जाळी ताणून सुतळीने बांधलेली होती आणि तिच्यावर लवेचा जाड नमदा चढला होता. मी नखाने एक कोपरा उचलला तर तो सबंध गोल सोलून हातात आला. भाकरीएवढा आणि तितकाच जाड. या भागात जिनिंगमध्ये कापूस कसा पेट घेतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही लव म्हणजे तोच कापूस, फक्त अधिक बारीक आणि खडखडीत वाळलेला. आप्पांनी तो गोल हातात घेतला, दोन बोटांत चुरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

जाळी वहिनींनी बांधली होती. मागच्या वर्षी त्या पाइपात चिमणीने घरटं केलं होतं, पिल्लं उडून गेल्यावर त्यांनी ते काढलं आणि पुन्हा कुणी आत जाऊन होरपळू नये म्हणून जाळी लावली. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मी त्यांना विचारलं, एका घाण्याला वेळ किती लागायचा? त्या म्हणाल्या, आधी पाऊण तास पुरायचा. दिवाळीनंतर तास लागायला लागला. उन्हाळ्यात मशीन फार लागलं नाही. या पावसाळ्यात दीड तासानेही चादरीची किनार ओली राहायची. त्यांना वाटलं, मशीन जुनं झालं.

म्हणजे मशीन कितीतरी महिन्यांपासून सांगत होतं. हवा कोंडत गेली तसा हीटर लवकर तापत गेला आणि ज्याला क्वचित कधीतरी उठायचं होतं तो राखणदार दर चार-सहा मिनिटांनी उठायला लागला. रोजच्या नोकराला पाळीच येत नव्हती, त्याचं काम यालाच पडलं. दर वेळी वीज तोडताना पॉइंटवर बारीक ठिणगी पडते. वर्षातून दहा वेळा पडली तर त्याचं काही नाही, दिवसातून शंभर वेळा पडली की पॉइंट खाल्ला जातो. जुना तुकडा मी फोडून मुलाला दाखवला. चांदीच्या टिकलीवर देवीच्या व्रणासारखे खड्डे आणि भोवती काजळी. आम्ही सगळे त्याला फॉल्टी म्हणत होतो. खरं तर बिघाड बाहेर पाइपाच्या तोंडाशी होता आणि या तुकड्याने तो मोडेपर्यंत सांभाळला. मोडतानाही तो योग्य बाजूला मोडला, वीज तोडून. पॉइंट चिकटून बसले असते तर कहाणी वेगळी झाली असती. आणि मी पहिल्या दिवशी डायरेक्ट करून दिलं असतं, तर १२० वर थांबवणारं कुणी उरलं नसतं, पंधरा किलो सुती चादरी आत आणि हा भाकरीएवढा कापूस पाइपाच्या तोंडाशी. वहिनींचा सात वर्षांचा मुलगा शाळेतून आला की त्याच खोलीत मशीनशेजारी बसून अभ्यास करतो.

लवचिक पाइप काढून टाकला. भिंतीला सरळ भोक पाडून दीड मीटरचा पत्र्याचा गुळगुळीत पाइप बसवला. तोंडाला वर उचललं जाणारं पत्र्याचं झाकण लावलं, हवा आली की उघडतं, बंद झाली की आपल्या वजनाने पडतं. चिमणीही जात नाही आणि लवही अडत नाही. आतली लव पकडणारी मूळची जाळी साबणाने धुऊन वाळवली. मग घाणा लावला आणि आम्ही तिघं स्टुलावर बसून राहिलो. बावीस मिनिटांनी पहिला 'टक्' आला, या वेळी पुढून, ७० वाल्याचा. घाणा संपेपर्यंत राखणदार एकदाही बोलला नाही. बेचाळिसाव्या मिनिटाला वहिनींनी चादर काढून गालाला लावून पाहिली.

थर्मोस्टॅटचे दीडशे रुपये झाले, पत्र्याचा पाइप आणि झाकण धरून साडेसहाशे. वहिनी आता दर घाण्यानंतर आतली जाळी पुसतात आणि दर सोमवारी बाहेर जाऊन झाकण हाताने उचलून बघतात. घाण्याला पाऊण तासापेक्षा जास्त वेळ लागला तर लगेच फोन करायचा, असं त्यांनी मशीनवर खडूने लिहून ठेवलं आहे. जुना फोडलेला तुकडा माझ्या काउंटरवर काचेखाली आहे. कुणी डायरेक्ट करून द्या म्हणालं की तो मुलगाच आता काच उचलतो आणि तो त्यांच्या तळहातावर ठेवतो.

तुमच्या घरी गिझर असेल, इस्त्री असेल, शेतात पाणबुडी मोटार असेल. ती मध्येच बंद पडायला लागली तर मिस्त्रीला एवढंच विचारा, ही का बंद होते? आणि तो डायरेक्ट करून देतो म्हणाला तर हात जोडून विनंती आहे, नको म्हणा.